बाप्तिस्म्याचं पाणी कुठं ओतायचं?

थेंबमावशी हे नाव तिला चर्चमधल्या चहाच्या टेबलावर चिकटलं. कप विसळलेलं पाणी ती बादलीत साठवून झाडांना घालायची, मेणबत्त्यांची थोटकं वितळवून नव्या मेणबत्त्या करायची, आणि नळ टपकायला लागला की प्रार्थना चालू असली तरी उठून आवळून यायची. चर्चची झाडलोट तीस वर्षं तिच्याकडेच होती. कुणी हसलं तर फणकारायची, "देवानं माणसाला पहिली नोकरी दिली ती बागेच्या राखणीची. तुम्ही राजीनामा दिला असेल, मी नाही दिलेला."

चर्चमागे विहीर होती आणि विहिरीभोवती मातीचं अंगण. पावसाचं पाणी तिथं मुरायचं, विहिरीत उतरायचं, आणि नळ कोरडे पडले की अख्खी गल्ली बादल्या घेऊन तिथं यायची. याच अंगणाच्या एका कोपऱ्यात बाप्तिस्म्याचं पाणी ओतायची पद्धत होती. आशीर्वाद दिलेलं पाणी मोरीत सोडायचं नाही, मातीला द्यायचं. पितळी भांडं घेऊन मावशी पुढे, बाळाला घेऊन घरचे मागे. त्या वेळचा तिचा रुबाब बिशपांनाही जमला नसता.

कमिटीला मात्र अंगणात फक्त चिखल दिसायचा. कमिटीचे सेक्रेटरी घरं बांधणारे कॉन्ट्रॅक्टर. माणूस मोकळ्या मनाचा, पण मोकळी जमीन दिसली की त्यांचे हात शिवशिवायचे. "मी स्वतः फरशी घालून देतो. बूट खराब होणार नाहीत, गाड्याही लागतील," ते मीटिंगमध्ये म्हणाले. भराभर हात वर झाले.

"आणि विहीर आटली तर?" मावशीनं विचारलं.

"टँकर आहेत की, मावशी!"

सगळे खो खो हसले. मावशीला इतका राग आला की त्या दिवशी तिनं चहात साखरच घातली नाही. कुणाच्याच.

पुढं बहीण आजारी पडली म्हणून ती चार दिवस तिच्याकडे गेली आणि शनिवारी संध्याकाळी परतली, तर फरशी बसलेली. अगदी बाप्तिस्म्याच्या कोपऱ्यासकट! गवंडी हात धूत होता. म्हणाला, "सांधे तेवढे सोमवारी सिमेंटनं भरायचे. मग पहारीनंही निघायची नाही." अवजारं त्यानं भिंतीशी ठेवली होती. मावशी कुणाशी भांडायला गेली नाही. उद्याचा एकच दिवस हातात होता, आणि उद्या बाप्तिस्मा होता. खुद्द कॉन्ट्रॅक्टरांच्या नातीचा.

रविवारी बाप्तिस्मा पार पडला. मावशीनं भांडं उचललं आणि नेहमीसारखी मागच्या दारानं निघाली. मागोमाग आजी-आजोबा, आईबाप, फादर आणि निम्मं चर्च. कोपऱ्यात येऊन ती थांबली.

"कुठं ओतू, साहेब?"

कॉन्ट्रॅक्टरांनी खाली पाहिलं आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. त्या कोपऱ्याची आठवण कमिटीत कुणालाच राहिली नव्हती. "त्या कुंडीत ओता ना," ते पुटपुटले.

"कुंडीला बूड असतं. पाणी जमिनीला मिळायला पाहिजे."

"मग आजच्या दिवस मोरीत..."

"माझ्या नातीचं पाणी मोरीत?" त्यांची बायको कडाडली. "मग आज घरी स्वयंपाकही तुम्हीच करा!"

"मला घाई नाही," मावशी म्हणाली. "जागा होईपर्यंत मी उभी आहे." भांडं काठोकाठ भरलेलं होतं. तिनं ते दोन्ही हातांनी छातीशी धरलं.

"फादर, आज रविवार. काम कसं काढायचं?" कॉन्ट्रॅक्टरांनी शेवटचा प्रयत्न केला.

"जनावर विहिरीत पडलं तर रविवारीही काढतातच ना?" फादर म्हणाले. "इथं तर विहीरच खड्ड्यात चाललीय."

कॉन्ट्रॅक्टर नव्या सुटात गुडघ्यांवर बसले. पहार घालून त्यांनी चार फरश्या उचकटल्या. खाली ओली, काळी माती दिसली. "ओता आता."

मावशी हलली नाही. "लेकराचं पाणी मावेल एवढ्यात. पावसाचं कुठं मावेल? ही पोर मोठी होऊन बादली घेऊन इथं येईल, तेव्हा तुम्ही नसाल, मीही नसेन. तिला टँकरचा नंबर देऊन जाणार का?"

या वेळी कुणी हसलं नाही. कॉन्ट्रॅक्टरांनी नातीकडे पाहिलं, मग विहिरीकडे. त्यांनी कोट काढून जावयाच्या हातात दिला आणि पाचव्या फरशीला पहार लावली. जावयानं स्वतःचाही काढला, दोन्ही कोट खिडकीत टाकले आणि गवंड्याचं फावडं उचललं. मग टँकरवर हसलेल्या मंडळींनीही एकेक करून बाह्या सरसावल्या.

विहिरीच्या काठापर्यंत माती उघडी झाली, तेव्हा कुठं मावशी वाकली आणि तिनं भांडं कलतं केलं. तोवर त्यातला एक थेंबही सांडला नव्हता.