संवाद लिहिणाऱ्या बाईंची वाचा

स्ट्रोकने वाचा गेलेल्या माणसांना पुन्हा बोलतं करणं हे माझं काम. एडिनबराच्या हॉस्पिटलमध्ये मला नोकरी लागली तेव्हा नागपूरहून मावशीने फोनवर विचारलं, "अगं, इंग्रजांना इंग्रजी तू शिकवणार?" स्कॉटिश माणसाला इंग्रज म्हणू नये, एवढं मी तिला सांगितलं. पण तिचा प्रश्न मलाही पडलेला होताच. दोन हजारच्या दशकातली पहिलीच वर्षं होती आणि समोरचा पेशंट काय म्हणतोय हे कळायलाच मला कान टवकारावे लागत.

अशात एका अमेरिकन बाईंची केस माझ्याकडे आली. त्यांनी ऐंशी ओलांडलेली. स्ट्रोकनंतर घरी आल्या होत्या आणि रिटायर झालेली सावत्र मुलगी त्यांना सांभाळत होती. बाईंना सगळं समजत होतं, शब्द मात्र सापडत नव्हते. हो म्हणायचं असलं तरी तोंडून "नाही" निघायचं. त्याखेरीज एक अस्सल अमेरिकन शिवी तेवढी स्वच्छ, ठणठणीत यायची. असं होतं, शिव्या मेंदूत वेगळ्या कप्प्यात असतात.

पहिल्या भेटीत मी नेहमीप्रमाणे चित्रांची कार्डं काढली. कप, किल्ली, कुत्रा. त्यांनी कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि डाव्या हाताने सगळी कार्डं जमिनीवर उडवून दिली. पाठोपाठ ती शिवी.

मुलगी मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. "रागावू नकोस," चहा ओतत ती म्हणाली. "तिने हॉलिवूडच्या मोठमोठ्या नट्यांच्या तोंडी वाक्यं घातलीयेत. आणि तू तिला विचारतेस, हा कप आहे का?"

मग तिने मला सगळं सांगितलं. बाई शिकागोच्या. विशीत लॉस एंजेलिसला गेल्या आणि एका स्टुडिओत टायपिस्ट म्हणून लागल्या. पुरुष लेखकांच्या पटकथा टाइप करता करता बायकांच्या तोंडचे संवाद गुपचूप सुधारायच्या. ते कुणाच्या तरी लक्षात आलं, पण ओरडा बसण्याऐवजी लेखकांच्या खोलीत टेबल मिळालं. पाच-सहा सिनेमे झाले. मग पन्नासच्या दशकात कम्युनिस्ट शोधायची लाट आली. "तुमच्या मित्रांची नावं सांगा," असं बाईंना सरकारी चौकशीत बोलावून विचारलं गेलं. त्यांनी सांगितली नाहीत. स्टुडिओंनी त्यांना काम देणं बंद केलं. त्यांचा सगळ्यात गाजलेला सिनेमा त्यानंतर लपून लिहिलेला, म्हणून पडद्यावर नाव एका ओळखीच्या लेखकाचं. बाई लंडनला आल्या, टीव्हीसाठी टोपणनावाने लिहीत राहिल्या, एका स्कॉटिश डॉक्टरशी लग्न केलं आणि एडिनबरात स्थिरावल्या.

"तो सिनेमा घरात आहे?" मी विचारलं.

डीव्हीडी होती. पुढच्या भेटीत कार्डं मी बॅगेतच ठेवली आणि आम्ही तिघी सिनेमा बघायला बसलो. शेवटाकडे नायिका सूटकेस घेऊन दारात उभी आहे आणि नवरा विचारतो, "तू परत येशील ना?" तिथे मी पॉझ दाबला. ओळखीचं वाक्य ओठांवर येईल, एवढीच माझी आशा. बाई पडद्याकडे बघत राहिल्या. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"जेवण... ओव्हनमध्ये... आहे."

अख्खं वाक्य! मी टाळ्याच वाजवल्या. मुलगी मात्र गोंधळली. "पण हे सिनेमात नाहीये. तिथे ती रडत रडत माफी मागते."

बाईंनी टीव्हीकडे बोट रोखलं. शिवी घातली. मग म्हणाल्या, "त्यांनी. बदललं."

त्या पाठ केलेलं काही म्हणत नव्हत्या. स्टुडिओने कापलेलं आपलं वाक्य त्या जागच्या जागी परत बसवत होत्या.

त्या दिवसापासून आमची थेरपी बदलली. मी मुद्दाम लांबलचक, पाणचट संवाद लिहून न्यायची आणि बाई ते छाटायच्या. "लांब," म्हणायच्या. "अजूनही लांब." शब्द सापडत नसेल तर मी पहिलं अक्षर सुचवायची. कधी ते घ्यायच्या, कधी मान झटकून वेगळाच, बरा शब्द शोधून काढायच्या. वसंत येईपर्यंत छोटी वाक्यं यायला लागली. माझ्या इंग्रजीवर त्यांनी एकदाच शेरा मारला. "तुझं... स्वच्छ. यांचं..." आणि खिडकीबाहेरच्या अख्ख्या स्कॉटलंडकडे हात केला. मुलगी हसून हसून लाल झाली.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या लेखकांच्या संघटनेने त्या सिनेमावर त्या लेखकाच्या जागी बाईंचं नाव घातलं. एडिनबरातल्या एका थिएटरने नव्या प्रिंटचा दुपारचा खेळ ठरवला. आयोजकांनी फोनवर सुचवलं, बाईंच्या वतीने मुलीने दोन शब्द बोलावेत.

"मी," बाई म्हणाल्या.

"आई, लोक खूप असतील."

"मी."

मी एक छोटं भाषण लिहून नेलं. त्यांनी त्यातलं एकही वाक्य ठेवलं नाही.

थिएटर गच्च भरलं होतं. दिवे मालवले, संगीत सुरू झालं आणि पडद्यावर, एकटं, बाईंचं नाव आलं. टाळ्या इतक्या वाजल्या की पहिल्या प्रसंगातलं काही ऐकूच आलं नाही. बाई पापणी न हलवता बघत होत्या. शेजारी मुलगी हुंदके देत होती.

सिनेमा संपल्यावर त्या काठी टेकत उभ्या राहिल्या. माइक मुलीने धरला. बाईंचे ओठ हलले, थांबले. मी दुसऱ्या रांगेत. पहिलं अक्षर सुचवायची सवय इतकी अंगात भिनलेली की मी स्वतःचे ओठ घट्ट मिटून धरले.

"हा सिनेमा," त्या म्हणाल्या, "मी लिहिला."

पुन्हा टाळ्या. मग मागून एका तरुणीने विचारलं, "इतकी वर्षं ज्यांचं नाव तिथे होतं, त्यांचा राग येतो का?"

बाईंनी मान हलवली. "नाही. चांगला माणूस." मग थांबल्या. सगळं थिएटर श्वास रोखून त्यांच्यासाठी शब्द शोधत होतं. "वाईट... लेखक."

अख्खं थिएटर हसत हसत उभं राहिलं.

परतताना टॅक्सीत मी विचारलं, "तो शब्द खरंच अडला होता, की मुद्दाम थांबलात?"

"मुद्दाम," त्या म्हणाल्या, आणि मुलीच्या खांद्यावर डोकं टेकवून झोपून गेल्या.

पुढच्या हिवाळ्यात त्यांनी रेडिओसाठी एक छोटं नाटक लिहिलं. त्या बोलायच्या, मुलगी टाइप करायची. प्रक्षेपणाच्या दिवशी दुपारी मला बोलावणं आलं. मी शॉर्टब्रेडची बिस्किटं घेऊन गेले. निवेदकाने लेखिकेचं नाव घेतलं तेव्हा बाईंनी आवाज वाढवायला लावला. नाटकात सगळी वाक्यं तोकडी होती आणि त्यात एकही शब्द जास्तीचा नव्हता.