एमिल झुर्कोंचा हुकलेला सामना

माझे मेहुणे एमिल झुर्को यांनी एकवीस वर्षांत आमच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा गावातला एकही सामना चुकवला नव्हता. मूतखडा झाला तेव्हा ते गरम पाण्याची रबरी पिशवी कमरेला बांधून बसले होते. आमची आई वारली, तेव्हा तिचं अंत्यदर्शन रविवारी दुपारी ठरत होतं, ते त्यांनी संध्याकाळवर ढकललं. पाद्रीबाबांना म्हणाले, लांबचे पाहुणे पोचायचेत. लांबचा पाहुणा म्हणजे मी, दोन गल्ल्या पलीकडे राहणारा. आणि त्या दुपारी मीही स्टेडियममध्ये त्यांच्याच शेजारी बसलो होतो, त्यामुळे मला फार बोलता येत नाही.

सामन्याइतकंच त्यांना प्रिय काही असेल तर ती युनियन. चौतीस वर्षं पोलादाच्या भट्टीवर काढली, त्यातली वीस वर्षं संपात गेटवर रांग लावणारे युनियनचे गेटप्रमुख म्हणून. एकोणसाठ सालच्या संपात शेजारचा एक जण गुपचूप कामावर गेला होता. दोघांच्या घरांमध्ये एकच कुंपण, पण मेहुणे त्याच्याशी त्यानंतर एक शब्द बोलले नाहीत. त्याच्या घराला आग लागली तेव्हासुद्धा त्यांनी फक्त पाण्याची नळी कुंपणावरून पलीकडे टाकली. माझं बुटांचं दुकान. तिथे मालकही मी आणि नोकरही मीच, त्यामुळे या विषयात त्यांनी मला कधी जमेस धरलं नाही.

सत्त्याऐंशीच्या सप्टेंबरात खेळाडूंनी संप पुकारला. पाच वर्षांपूर्वीही असा संप झाला होता, पण तेव्हा सामनेच बंद पडले, म्हणून हुकण्याचा प्रश्न आला नाही. या वेळी मालकांनी एक आठवडा सोडून दिला आणि मग कुठून कुठून बदली माणसं गोळा केली. कुणी दारूच्या गुत्त्यावरचा रखवालदार, कुणी शाळेतला कसरतमास्तर. ही मंडळी तीन सामने खेळणार होती. त्यातला एक आमच्या गावात, आणि गेटवर संपकऱ्यांची रांग. ती ओलांडून आत जाणं म्हणजे संप फोडणं.

"आता काय करणार, दाजी?" मी विचारलं. आवाजात जितका कळवळा आणता आला तितका आणला होता.

"रांग ओलांडणार नाही."

"मग सामना चुकणार."

"चुकणार नाही."

माझी बहीण इर्मा ओट्यापाशी कोबी चिरत होती. ती म्हणाली, "चार दिवस झाले, हेच चाललंय. रात्री झोपेत कूस बदलतात तीसुद्धा मत बदलल्यासारखी."

रविवारी आम्ही नेहमीप्रमाणे सकाळी नऊला स्टेडियमच्या पार्किंगमध्ये गेलो. गाडीची मागची फळी पाडून शेगडी पेटवली, सॉसेजेस भाजायला घातली. पार्किंग रांगेच्या अलीकडे येतं की पलीकडे, यावर मेहुण्यांनी आदल्या दिवशी युनियनच्या जुन्या अध्यक्षांना फोन करून निकाल घेतला होता. अलीकडे.

आणि मग त्यांनी ती रांग पाहिली. त्यांचा चेहरा पडला. आमचे ते धिप्पाड खेळाडू झाडाखाली घोळका करून उभे होते. संपाच्या पाट्या गाडीच्या टपावर. एक जण आरामखुर्ची घेऊन आला होता. दोघे कोवळ्या उन्हात गोल्फची काठी फिरवत होते.

"हा संप आहे?" मेहुणे म्हणाले. "ही सहल आहे."

हातातला चिमटा माझ्याकडे देऊन ते तरातरा गेले. एकसष्ट वर्षांचे, साडेपाच फुटी. समोर क्लेटन बिग्स, आमच्या बचावफळीतला एकशेतीस किलोंचा पहाड, लुइझियानाचा.

"पाटी कुठंय तुझी?"

"गाडीवर आहे, सर."

"गाडी संपावर आहे का? हातात घे. आणि थांबायचं नाही, गोल फिरायचं. थांबलास की पोलीस हटवतो. आणि तो तुझा दोस्त, त्याला म्हणावं, काठी ठेव. लोकांनी तुमच्यासाठी जीव जाळायचा आणि तुम्ही गोल्फ खेळायचं?"

"सर, तुम्ही कोण?"

"मी? आत जायचं सोडून इथे उभा असलेला माणूस."

तासाभरात रांगेला रूप आलं. मेहुण्यांनी रिकामं पिंप मागवून त्यात लाकडं पेटवली, खेळाडूंना दोन-दोनच्या जोड्यांत लावलं, घोषणा पाठ करून घेतल्या. आमची सगळी सॉसेजेस क्लेटनने एकट्याने संपवली, पण चालता चालता, कारण थांबायची परवानगी नव्हती.

एक वाजायला आला. लोक थोडे होते, पण आत जात होते. मेहुण्यांनी खिशातून तिकीट काढलं, पाहिलं, परत ठेवलं. मला वाईट वाटलं. तरी मी म्हणालो, "मी जरा पाय मोकळे करून येतो."

"जा," ते म्हणाले. माझ्याकडे पाहिलंही नाही.

मी मागच्या गेटने आत गेलो. बदली संघ जिंकला, एका गुणाने. शेजारची खुर्ची रिकामी होती आणि मला सामना फारसा आठवत नाही.

पुढे पंधरवड्यात संप कोसळला. मागण्या हवेत विरल्या, खेळाडू मुकाट सरावाला परतायला निघाले. त्या सकाळीही मेहुणे गेटवर हजर. क्लेटन पिशवी खांद्यावर टाकून, नजर चुकवत आला.

"सर, सगळेच आत चाललेत."

"मग सगळे येईपर्यंत थांब. एकेकटे चोरासारखे जाऊ नका. मिळून बाहेर आलात, मिळून आत जा."

आणि त्यांनी त्या पन्नास जणांना दोन-दोनच्या जोड्यांत आत पाठवलं.

नंतर त्यांनी एकच भूमिका धरली: संपफोड्यांचा सामना हा सामनाच नव्हे. जो झालाच नाही तो हुकणार कसा? दोन महिने आम्ही हे ऐकलं. मग डिसेंबर संपला आणि आमचा संघ बाद फेरीत पोचला, बरोबर एका विजयाच्या फरकाने. बाद फेरीचा पहिला सामना आमच्याच गावात होता.

मी अशी संधी सोडणारा माणूस नाही. स्वयंपाकघरात गाठून म्हणालो, "दाजी, बदली संघाचा सामना झालाच नाही ना? मग तो विजयही नाही. म्हणजे आपण बाद फेरीत नाही. तिकीट मला द्या, मी माझ्या मेव्हणीला नेतो."

ते उठून अंगणात गेले आणि लाकडं फोडत बसले. तीन दिवस. इर्मा म्हणाली, "रुडी, तुझी जीभ झडो."

रविवारी सकाळी ते कोट घालून बाहेर आले आणि गाडीत बसले. आत पोचलो, जागेवर बसलो. मागच्या ओळीतला म्हातारा नेहमीप्रमाणे वाकून म्हणाला, "काय एमिल, अजून एकही नाही ना चुकला?"

मी मैदानाकडे पाहू लागलो.

"एक चुकला," मेहुणे मोठ्याने म्हणाले, आजूबाजूच्या दोन-तीन ओळींना ऐकू जाईल असं. "ऑक्टोबरातला. मी गेटबाहेर उभा होतो."

म्हाताऱ्याने टोपी काढली. त्याच्या शेजारच्यानेही. मग त्या ओळीतल्या कुणीतरी मेहुण्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

त्या वर्षी गावातला एकही सामना न चुकवलेला आमच्या ओळीत मी एकटाच होतो. कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.