बाबांची दारू

माझे बाबा आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवले नाहीत. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. वाचून चमकतील असे लोक आता फारसे उरलेले नाहीत, म्हणूनच लिहिते आहे. मी धीट वगैरे नाही. धीट म्हणून माझे सत्कार झालेत, ती गोष्ट वेगळी.

आमचं गाव पेणच्या खाडीकडच्या अंगाला. बाबा रोह्याला एका रसायनाच्या कंपनीत फिटर होते. मी सातवीत असताना त्या कंपनीला टाळं लागलं. त्यांच्या वयाचे फिटर तेव्हा रोह्यात पैशाला पासरी झाले होते, कुणी दारात उभं करेना. त्याच सुमारास पलीकडच्या औषधाच्या कंपनीला गोळ्यांची पाकिटं भरायला माणसं हवी होती, पण त्या बायकाच हव्या होत्या. कारण बायका कमी पगारात येतात, युनियन करत नाहीत आणि सुपरवायझर ओरडला की खाली बघतात. आईला नोकरी लागली ती अशी. बाबांना मिळाली नाही तीही अशीच.

नोकरीच्या आधी आई पेणच्या एका मावशींसाठी पापड लाटायची. या मावशी पोह्याच्या पापडाचं कुटलेलं पीठ गावोगावच्या बायकांना द्यायच्या, बायका घरी लाटून सावलीत वाळवायच्या आणि डबे भरून पेणला पोचवायच्या. शिफ्ट सुरू झाल्यावर आईला ते जमेना, पण काम सोडायचीही हिंमत होईना. एक दिवस ती घरी आली तर खोलीभर जुन्या साड्या पसरलेल्या आणि त्यांवर पापड वाळत पडलेले. एकसारखे, कडेला एक चीर नाही. फिटरचाच हात तो, मिलिमीटरनं चालायचा.

"कुणी लाटले?" आईनं विचारलं.

बाबांनी पिठाचे हात लेंग्याला पुसले. "दार लावून लाटलेत," एवढंच म्हणाले.

दार लावणं का गरजेचं होतं हे आमच्या गावात कुणालाही विचारा. वरच्या आळीत एक गृहस्थ होते. बायको बाळंतपणात अंथरुणाला खिळली तेव्हा त्यांनी तिची लुगडी तळ्यावर नेऊन धुतली. एवढाच गुन्हा. तेव्हापासून गाव त्यांना "वहिनी" म्हणायचं. ते बाळ मोठं होऊन बोहल्यावर चढलं, तेव्हाही मांडवात कुणीतरी ओरडलं, "वहिनीला पान वाढा रे!" ते हसले. ते नेहमी हसायचे. मला लहानपणी वाटायचं की त्यांना ते आवडतं.

तर बाबा दार लावून पापड लाटायचे आणि ते आईच्या नावानं पेणला जायचे. मावशी खूश. "तुझ्यासारखा हात अख्ख्या पेणात नाय गो," असं म्हणून त्यांनी एका संक्रांतीला आईला साडी दिली. आई ती नेसून घरी आली. बाबांनी साडीचा काठ बोटांत धरून बघितला आणि म्हणाले, "चांगली हाय."  ती साडी आईनं पुष्कळ वर्षं वापरली.

पण भर दिवसा लावलेलं दार गावाला कसं पचणार? त्यात बायको शिफ्टला. समोरची काकी आमच्या ओट्यावर टेकून आईबद्दल बोलायची, म्हणजे नक्की काही बोलायची नाही, नुसतं "कंपनीची शिफ्ट नेमकी सुटते कधी गो?" असं चारचौघींत विचारायची. एकदा तिनं मला नळावर गाठलं.

"काय गो, तुझा बापूस दिवसभर दार लावून करतो तरी काय?"

मी तेरा वर्षांची होते. मला "वहिनी" आठवले. शाळेत माझ्यामागे काय ओरडतील तेही आठवलं. हंडा कमरेवर घेत मी म्हणाले, "पितात."

सुंठीवाचून खोकला गेला. काकीच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी पुढे अनेकांच्या चेहऱ्यावर पाहिलं: आनंद, आणि त्यावर दयेची पातळ साय. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. दुसऱ्या दिवसापासून आई "शिफ्टवाली" राहिली नाही, "बिचारी" झाली. नवरा धडधाकट असताना कामाला जाणारी बाई संशयास्पद, पण दारुड्याची बायको म्हणजे साक्षात सती. काकी तिच्यासाठी कालवण आणून द्यायला लागली.

मी घरी भीत भीत सांगितलं. बाबांचं लाटणं थांबलं. मग ते हसले.

"बरं केलंस. सुटलो एकदाचा."

आणि खरोखरच सुटले. दुकानावर त्यांना पूर्वी कुणी विचारत नसे, बेकार माणसाशी काय बोलायचं? आता पुरुष त्यांच्या खांद्यावर हात टाकून म्हणायचे, "कमी कर रे जरा." दारुड्याला आमच्या गावात जागा असते. तो वाया गेलेला असला तरी पुरुषच असतो. चार दिवसांतून एकदा बाबा दुकानाकडून येताना मुद्दाम पाय जरा वेडावाकडा टाकायचे. घरात आले की मला डोळा मारून पाटावर बसायचे. मला तेव्हा गंमत वाटायची. गंमतच वाटायची, खोटं कशाला सांगू?

मी पेणच्या कॉलेजात गेले आणि बोलायला लागले. वक्तृत्व, वादविवाद, जिथं मिळेल तिथं. दुसऱ्या वर्षाला रोह्यात वादविवाद स्पर्धा होती. विषय होता: आजच्या समाजात लिंगभेदाची झळ जास्त कोणाला, पुरुषाला की स्त्रीला? मी अर्थातच स्त्रीच्या बाजूनं. माझ्याआधी रोह्याचाच एक मुलगा विरुद्ध बाजूनं बोलला. किडकिडीत, आवाज कापरा. म्हणाला, कारखाने बंद पडल्यावर घरी बसलेल्या बापाला हातात झाडू घ्यायचीही मुभा नसते. बाईनं पुरुषाचं काम केलं तर तिला शाबासकी मिळते, पुरुषानं बाईचं केलं तर त्याला टोपणनाव मिळतं. सभागृह खो खो हसलं. मागून कुणीतरी शिट्टी मारून "ए, भांडी घासून झाली का?" असं विचारलं. त्या हॉलमध्ये तो खरं बोलतोय हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळ्यांत मोठ्यांदा मी हसले.

मग मी उठले आणि म्हणाले, लांब कशाला जायचं, माझंच घर बघा. माझी आई शिफ्ट करून येते, आल्यावर पापड लाटते. आणि माझे वडील पिऊन पडलेले असतात.

 परीक्षक बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. पहिलं बक्षीस मिळालं, ढाल मिळाली. आईला न्याय मिळाला असंही मला त्या क्षणी वाटलं होतं. बोलताना माणूस स्वतःच्या थापेला किती लवकर भुलतो!

परतीच्या एसटीत आम्हाला स्पर्धेला घेऊन आलेल्या कॉलेजच्या मॅडम, मी आणि आणखी तीन मुली होतो. कोलाडला मॅडमनी सगळ्यांना वडे खाऊ घातले. बसमध्ये मुली आळीपाळीनं माझा हात हातात घेत होत्या. पेणला स्टँडच्या अलीकडच्या वळणावर बस मंदावली आणि खिडकीतून मला बाबा दिसले.

ते रस्त्याच्या कडेला उताणे पडले होते. पापडांचा डबा उलटा झाला होता आणि मातीत पसरलेले पापड दोन-तीन कावळे टोचत होते. त्या दिवशी मावशींकडे डबा पोचवायचा होता आणि आईची शिफ्ट होती, म्हणून ते स्वतःच निघाले असणार. लोक त्यांना वळसा घालून जात होते. पुढच्या सीटवरचा माणूस म्हणाला, "बघा, बायकोचे पापड विकून प्यायला निघालेला."

शेजारची मुलगी कुजबुजली, "तुझे...?" मी मान डोलावली. मॅडमनी लगेच माझ्या डोळ्यांवर हात ठेवला. "बघू नकोस, बाळ," त्या म्हणाल्या. त्यांचा तळवा गार होता आणि त्याला अत्तराचा वास होता.

त्या अख्ख्या बसमध्ये, त्या अख्ख्या रस्त्यावर, तो माणूस प्यायलेला नाही हे माहीत असलेली मी एकटी होते. मग तो असा का पडलाय, हा प्रश्न फक्त मलाच पडू शकत होता. पडलाही. पण उतरून धावले असते तर काय सांगितलं असतं? मांडीवर ढाल होती. मी मॅडमच्या हाताखाली डोळे मिटून बसले.

स्टँडवर मॅडमनी मला उसाचा रस पाजला. मी तो सावकाश प्यायले. मुली आपापल्या गाड्यांना गेल्या, मॅडम रिक्षात बसल्या, आणि मगच मी मागे फिरले. पाऊण तास झाला असेल. बाबा तिथंच होते. तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं, उजवा हात मातीत. मी रिक्षा थांबवून त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पुढे होऊन त्यांचं तोंड हुंगलं आणि माझ्याकडे चमकून बघितलं.

"हे प्यायलेले नाहीत."

"नाही," मी म्हणाले.

"तासाभरापूर्वी आणायला हवं होतं. तुम्हाला कधी कळलं?"

"आत्ताच," मी म्हणाले.

त्यानंतर बाबा अकरा वर्षं जगले. उजवं अंग गेलं, वाचा गेली, गळ्यातून एकच आवाज यायचा. गाव भेटायला यायचं आणि खाटेच्या पायथ्याशी उभं राहून म्हणायचं, "दारूनं खाल्लं रे तुला." बाबा डोळे मिटून घ्यायचे. त्यांना नाही म्हणता येत नव्हतं. आम्हाला येत होतं. आम्ही पाहुण्यांना चहा द्यायचो. शिफ्टवरून आल्यावर आई आता खरोखरच पापड लाटायला बसायची, म्हणजे माझं भाषण अखेर खरं झालं. मावशी म्हणाल्या, "हात बिघडला गो तुझा." मग त्यांनीच कारण शोधलं, "नवऱ्याचं दुखणं. तू तरी काय करशील?"

त्या दिवशी त्यांनी मला खिडकीत पाहिलं होतं का, हे मी बाबांना अकरा वर्षांत विचारलं नाही. ते डाव्या हातानं खूण करू शकत होते, हो किंवा नाही एवढी. म्हणूनच विचारलं नाही.

मला अजूनही स्पर्धांना परीक्षक म्हणून बोलावतात. विषय फिरून फिरून तोच असतो. जास्त कोणाला सोसावं लागतं? मुलं तावातावानं भांडतात आणि शेवटी माझ्या तोंडाकडे बघतात. मी काय सांगणार? आईला कमी पगार दिला तो बाई म्हणून. बाबांना रस्त्यात मरायला सोडलं ते पुरुष म्हणून, कारण बाई तशी पडली असती तर दहा जणी धावल्या असत्या. आणि या दोघांची बेरीज-वजाबाकी करून ढाल मी नेली. मी गुण देते, सही करते, चहा पिऊन घरी येते.

बाबा गेले तेव्हा दहाव्याला भोगावतीच्या घाटावर बरीच माणसं जमली होती. मी तोवर शाळेत शिक्षिका झाले होते. दारुड्या बापाच्या घरातून वर आलेली म्हणून माझं नाव होतं, माझे मुख्याध्यापक आले होते, मॅडमही आल्या होत्या. मुलगा नाही म्हणून क्रिया चुलत काका करत होते. आमच्याकडे बायका घाटावर येतात, पण पिंडापाशी जात नाहीत, लांब उभ्या राहतात. या चालीविरुद्ध मी दोन भाषणं केली होती, दोन्ही गाजली होती.

पिंड ठेवला. कावळे समोरच्या झाडावर बसून होते, खाली येईनात. काका हात जोडून म्हणाले, मुलीची काळजी करू नको. वहिनींना आम्ही बघू. कावळे हलले नाहीत. अर्धा तास झाला, उन्हानं पाय भाजायला लागले. तेव्हा आईनं पदराची गाठ सोडली. आत एक पापड होता. सकाळी मी आंघोळीला गेले असताना तिनं तो लाटला असणार, अजून ओलसर होता.

"जा गो, ठेव हा," ती हळूच म्हणाली. "नि सांग एकदा समद्यांना. बास झाला आता."

मी मागे पाहिलं. मुख्याध्यापक होते, मॅडम होत्या, काकी पदर डोळ्यांना लावून उभी होती.

"आई," मी म्हणाले, "बाईमाणसानं पुढे जायचं नसतं."

आईनं माझ्याकडे पाहिलं. तसं तिनं आधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतर मरेपर्यंत तसंच पाहत राहिली. तेवढ्यात काकांनी कुणालातरी खूण केली. त्या माणसानं खिशातून देशीची छोटी बाटली काढून दिली आणि काकांनी ती पिंडावर उपडी केली.

एक कावळा लगेच उतरला.

"बघा, जीव त्यातच अडकला होता," कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आईच्या मुठीत तो ओला पापड चुरगळला होता. सगळ्यांबरोबर मीही हात जोडले.