अधिकच्या चिन्हाने अडवलेलं पाणी

रविवारी सकाळी गोव्यात, लाटंबार्सेला घरी होते. चहा घेऊन मागच्या दारी आले, तर शेजारच्या कुसुमकाकू शेताच्या बांधावर, मेरेवर उभ्या. काका गेले त्याचं सुतक आदल्याच दिवशी सुटलं होतं, आणि बाई सगळ्यात आधी शेत बघायला आल्या होत्या.

वायंगणाचं, म्हणजे उन्हाळी भात पोटरीत आलेलं... आणि जमिनीला भेगा! काकू म्हणाल्या, "पाणी दिलं म्हणून मोबाईलवर आलं होतं गो." चहा माझ्या हातातच राहिला, कारण तो मेसेज आमच्या ॲपचा होता.

बंधाऱ्याच्या पाण्याची पाळी कुणाची, किती वेळ, हे सांगणारं ॲप आम्ही मित्रांनी गावासाठी केलंय. आमच्याकडे रीत अशी की सुतकात घरच्यांनी शेतात उतरायचं नाही, शेजाऱ्याने आपली पाळी झाली की त्यांच्याही शेताला पाणी लावायचं. काकूंच्या शेताला लागून शेत अण्णांचं, म्हणजे अण्णांचे दोन तास अधिक काकूंचे दोन तास. चार, बरोबर ना?

अण्णांना मेसेज गेला दोन तासांचा! हाक मारून विचारलं, तर ते बिचारे कपाळाला हात लावून बसले. "मोबायलार दोनच वरां आयलीं, बाय. म्हाका दिसलें, वैनीन दुसऱ्याक सांगलां." त्यांना वाटलं, काकूंनी दुसऱ्या कुणाला सांगितलंय.

तिथेच पायरीवर लॅपटॉप उघडला. सुतकाचा भाग माझा, पण पाळीचा मूळ कोड पेडण्याच्या मंगेशचा. या भल्या माणसाने 'अधिक'च्या चिन्हाला स्वतःचा अर्थ शिकवून ठेवला होता... दोन पाळ्या समोर आल्या तर मोठी तेवढी ठेव, दुसरी पूर्ण झाली असं समज!

का, तर एकाच शेतासाठी दोन भावांनी नावं घातली तर पाणी दोनदा जाऊ नये म्हणून. हेतू चांगला हो, पण मग त्याला नाव दे ना! अधिक बघितल्यावर मी बेरीज नाही समजणार तर काय समजणार?

फोनवर त्याला असं झापलं की आई आतून धावत आली. त्यावर साहेबांचं उत्तर काय, तर "वाचायला किती सुटसुटीत दिसतं बघ." सुटसुटीत! अरे, तिथे भात करपतंय!

आता प्रोग्रामर मंडळी भांडायला येतील, म्हणून आधीच सांगते. चिन्हांना नवा अर्थ शिकवायची ही सोय मुळात वाईट नाही. वेळेत वेळ मिळवायची, अंतरात अंतर मिळवायचं, मॅट्रिक्सचा गुणाकार करायचा, तिथे हीच चिन्हं हवीत, नाहीतर कंसात कंस लिहून जीव जातो. पण चिन्ह शाळेतलं आणि अर्थ तुमच्या मनातला, हे कुठलं शहाणपण? नाव वाचून माणूस थांबतो, विचारतो. अधिक वाचून कोण थांबतं?

मंगेश दुपारी पेडण्याहून आला. येताना तोंडात उत्तरं तयार होती, पण मेरेवर काकूंना बघितलं आणि माझा लॅपटॉप मागून घेतला. त्याने तिथेच बसून ते चिन्ह काढलं आणि सुतकाच्या बेरजेला 'दोन्ही शेतांना पाणी' असं लांबलचक नाव लिहिलं. दिसायला ओबडधोबड आहे, असू दे.

पण कोड सुधारून भेगा बुजत नाहीत. संध्याकाळी अण्णांची पाळी होती. त्यांनी आपल्या शेताचं तोंड मातीने बंद केलं आणि सगळं पाणी काकूंकडे वळवलं. कडेचं भात पोचट जाणारच, मधलं वाचेल म्हणतात.

माझा राग अजून उतरलेला नाही. मंगेशवरचा थोडा, आमच्या सगळ्यांवरचा जास्त. काळोख पडता पडता अण्णा चिखलाच्या पायांनी काकूंच्या दारात उभे राहिले आणि विचारलं, "वैनी, उदक पावलें?"

'पाणी दिलं' असा मेसेज आम्ही बिनदिक्कत पाठवत होतो... ते पोचलं का, हा प्रश्न मात्र आमच्या ॲपमध्ये कुठेच नव्हता. देव बरें करूं, अण्णा.