माईकवाल्याचं ॲप

नवऱ्याचं नाव घ्यायला मी लाजत नाही. प्रेमानंद. नागपुरात जरीपटक्यात जळालेल्या मोटारींची तार नव्यानं गुंडाळून द्यायचं, म्हणजे रिवाइंडिंगचं दुकान आहे त्याचं, आणि उन्हाळ्यात अर्ध्या वस्तीचे कूलर त्याच्या भरवशावर फिरतात. पण माणूस ओळखायचा तर दुकानावरून ओळखू नका. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या मंडळाचा ‘हरवले-सापडले’ मंडप असतो. तिथल्या भोंग्यातून सतरा वर्षं जो आवाज यायचा, तो माझ्या नवऱ्याचा.

“हरवलेल्या माणसांनो, घाबरू नका. रडू नका. माझ्या आवाजाच्या दिशेनं चालत या. तुमची माणसं सापडतात.” आठ दिवस आधीपासून न्हाणीघरात याची तालीम चालायची. मी बाहेरून ओरडायची, “अंघोळ करून राहिले का सभा घेऊन राहिले?” आवाजात मीही काही कमी नाही म्हणा. मेघा बोलली की गल्लीच्या टोकाला ऐकू जातं, असं सासूबाई म्हणायच्या, आणि ते काही कौतुकानं म्हणत नव्हत्या.

एप्रिलात त्याचा घसा बसला तो उठेचना. डॉक्टरांनी स्वरतंतूंवरच्या गाठी काढल्या आणि बजावलं, वर्षभर मोठ्यानं बोलायचं नाही, माईक तर विसरूनच जा. घर एकदम शांत झालं. वीस वर्षं मी या शांततेची वाट पाहत होते, आणि मिळाली तेव्हा घास उतरेना. तो दिवसभर मोटारी बांधायचा आणि घरी येऊन भिंतीकडे पाहत बसायचा. एका संध्याकाळी कुजबुजत म्हणाला, “मेघा, मंडपात आता माह्यं काय काम वं?” इतका राग आला मला! त्याच्यावर नाही, त्या गाठींवर.

वॉशिंग मशीनच्या सर्किटबद्दल तो फोनमधल्या त्या एआयला आधीपासून विचारत असे. एका दुपारी दुकान बंद ठेवून, लेकीचा जुना लॅपटॉप पुढ्यात घेऊन, त्यानं एका बोटानं टाइप केलं, ‘मले हरवलेल्या माणसांसाठी ॲप बनवून पाहिजे. मले कोडिंग येत नाही.’ अर्ध्या तासात पडद्यावर हिरवंनिळं काहीतरी उभं राहिलं. मी हातात झारा घेऊनच पाहायला आले. पहिल्याच पानावर मोबाईल नंबर आणि ओटीपी मागितलेला.

मी म्हटलं, “हरवलेल्या म्हातारीपाशी फोन असता, तं कायले हरवली असती?”

त्यानं माझ्याकडे डोळे वटारले आणि माझं वाक्य जसंच्या तसं त्या एआयला लिहून पाठवलं. एआयनं लगेच माफी मागितली. वीस वर्षांच्या संसारात या माणसानं एकदा माझी माफी मागितली नाही, आणि ते यंत्र अर्ध्या मिनिटात मागून मोकळं झालं!

महिन्याभरानं मंडळाच्या खोलीत चाचणी झाली. आमचे अध्यक्ष आनंदरावजी, पोस्टातून रिटायर झालेले, कडक माणूस. प्रेमानंदनं मंडपाच्या जुन्या वहीतली साठ नावं ॲपमध्ये भरली होती. हरवलेल्या माणसाच्या कपड्यांवरून शोधायचं, अशी त्याची युक्ती. त्यानं ‘पांढरे कपडे’ असं टाकलं. साठातली चौपन्न नावं धडाधड खाली आली. त्या दिवशी दीक्षाभूमीवर सगळेच पांढरं घालून येतात! सतरा वर्षं पांढऱ्या शर्टात तिथं उभा राहणारा माणूस, त्यालाच ते सुचू नये? हसून हसून आनंदरावजींना ठसका लागला.

“प्रेमानंद, वही ते वहीच असते गा,” ते डोळे पुसत म्हणाले. मग गंभीर झाले. “यंदा चालवून पाह्य. नाही जमलं, तं पुढच्या वर्षीपासून वही आन् माईकवर दुसरा माणूस. तू आराम कर.”

आराम कर म्हणे. ते भल्यासाठीच बोलले, पण प्रेमानंदचा चेहरा असा उतरला की मी घरी येईपर्यंत तोंड उघडलं नाही. मी, हं!

दुसऱ्या दिवशी त्यानं सतराच्या सतरा वह्या जमिनीवर मांडल्या आणि वाचायला बसला. आठ दिवस वाचत होता. नवव्या दिवशी मला हाक मारली, म्हणजे ताटावर चमचा वाजवला, कारण हाक मारता येत नव्हती. वह्यांत त्याला दिसलं ते असं. हरवलेला माणूस स्वतःचं आडनाव सांगताना गोंधळतो, वय चुकवतो, फोन नंबर तर कुणालाच पाठ नाही. पण एक गोष्ट झाडून सगळे सांगतात, ‘आमी अमक्या गावच्या गाडीतले.’ मग माणूस शोधायचाच कशाला? गाडी शोधायची! सकाळी गाड्या मैदानावर लागतात तेव्हाच गाव, गाडीचा नंबर आणि रांग लिहून घ्यायची. नंतर म्हातारीनं नुसतं गावाचं नाव सांगितलं की झालं, कार्यकर्ता तिला थेट गाडीपाशी नेऊन सोडेल. नावं पुकारायचीसुद्धा गरज नाही.

हे त्या एआयला सुचलं नाही बरं का. त्याला मधूनच ॲपमध्ये फोटो टाकायचे असत, रंगीत तक्ते काढायचे असत. प्रेमानंद त्याला पुन्हा पुन्हा गाडीवर आणायचा. आणि गर्दीत दहा वाजले की नेटवर्क मान टाकतं, हे फक्त तिथं उभा राहिलेल्यालाच ठाऊक. म्हणून त्यानं ॲप बिननेटचं करायला घेतलं. चार मैदानांवरचे कार्यकर्ते आपापल्या फोनमध्ये गाड्या नोंदवतील, तासातासाला एकेकजण मंडपात येईल, आणि आमच्या वायफायच्या राउटरजवळ आला की त्याच्या नोंदी आपोआप लॅपटॉपमध्ये उतरतील. लिहायला सोपं आहे. प्रत्यक्षात निम्म्या गाड्या दोनदा उतरायच्या. एआय चार वेळा म्हणालं, आता नक्की दुरुस्त झालं. पाचव्या वेळी प्रेमानंदनं टाइप केलं, ‘खोटं नको बोलू बावा, आधी स्वतः तपासून पाह्य.’ तेव्हा कुठं चूक सापडली. तीन महिने असे गेले. कोड त्या एआयनं लिहिला, मान्य. पण ॲप माझ्या नवऱ्याचं आहे, आणि यावर कुणाला वाद घालायचा असेल तर माझ्याशी घालावा.

तो दिवस आला. माईकवर निळं कापड टाकून प्रेमानंद लॅपटॉपपुढे बसला. आठ वाजेपर्यंत दोनशे गाड्या नोंदवल्या गेल्या, दहापर्यंत चारशे बारा. नेटवर्क गेलं, आमचं चालूच. आनंदरावजी मागे हात बांधून पाहत होते. सगळं कसं झक्कास.

फक्त मंडपात कुणी आलं नाही.

साडेदहा वाजले. एरवी या वेळेला पन्नासेक माणसं बसलेली असायची. आनंदरावजींनी विचारलं, “यंदा कोणी हरवलंच नाही का गा?” प्रेमानंद लॅपटॉपची बटणं उगीच दाबत राहिला. त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता. हे फसलं तर हा माणूस पुन्हा कधी मंडपात पाऊल टाकणार नाही, हे मला लख्ख दिसत होतं.

पावणेअकराला एका कार्यकर्त्यानं एका म्हातारीला हाताला धरून आणलं. बायजाबाई, यवतमाळकडच्या निंबोळी गावची. रडून डोळे सुजलेले. “सकाळपासून हिंडून राहिली मी. दरवर्षी हरवते आन् दरवर्षी सापडते. यंदा तो माईकवाला बोलतच नाही, तं कुठं जाऊ मी?”

प्रेमानंदनं ‘निंबोळी’ टाकलं. दुसरं मैदान, सहावी रांग, पांढरी पिकअप. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. पण त्याचं लक्ष पडद्याकडे नव्हतं. तो वाकून कुजबुजला, “माय, मीच तो माईकवाला.”

म्हातारीनं त्याला खालून वर पाहिलं. “चाल, काहीतरीच. त्याचा आवाज केवढा होता.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अहो, आम्ही सगळा मंडप गप्प करून ठेवला होता! लोक नावं ऐकायला येतच नव्हते कधी. ते आवाज धरून चालत यायचे. लाखोंच्या गर्दीत आमची पाटी कुणाला दिसणार? पाटी म्हणजे या माणसाचा गळा होता, आणि सतरा वर्षं ते ना त्याला कळलं, ना मला.

मी निळं कापड ओढून काढलं आणि माईक हातात घेतला. आयुष्यात मी बायकांच्या बैठकीतसुद्धा कधी भाषण केलेलं नाही. पण वाक्यं पाठ होती ना, न्हाणीघराच्या दाराबाहेर उभं राहून सतरा वर्षं ऐकलेली.

“हरवलेल्या माणसांनो, घाबरू नका. रडू नका. माझ्या आवाजाच्या दिशेनं चालत या. तुमची माणसं सापडतात.”

अगं बाई, केवढा तो आवाज! मीच दचकले. पाच मिनिटांत एक आजोबा आले, मग दोन बहिणी, मग रांगच लागली. मी बोलवायची, प्रेमानंद गाव विचारून गाडी सांगायचा, कार्यकर्ते पोचवून परत यायचे. गेल्या वर्षी ज्या कामाला दोन-दोन तास लागत, ते काम दहा मिनिटांत होत होतं. दुपारी कधीतरी पाहिलं तर आनंदरावजींनी वही मिटून तिच्यावर डबा ठेवला होता आणि भाकर खात बसले होते. संध्याकाळपर्यंत तीनशे नऊ माणसं आपापल्या गाडीपाशी पोचली. मंडपात एकही जण उरला नाही. सतरा वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं.

आनंदरावजी निघताना प्रेमानंदच्या पाठीवर थाप मारून एवढंच म्हणाले, “पुढच्या वर्षी टेबल मोठा लावू गा.” त्यावर माझा नवरा हसला. एप्रिलनंतर पहिल्यांदा.

पुढच्या आठवड्यात चंद्रपूरच्या एका मंडळाचे दोघे घरी आले. त्यांना ॲप पाहिजे होतं. प्रेमानंदनं पेन ड्राइव्हवर भरून दिलं आणि कसं चालवायचं ते दोन तास कुजबुजत समजावलं. ते निघताना त्यांच्यातला एक म्हणाला, “भाऊ, वहिनीच्या आवाजाचं रेकॉर्डिंगबी देऊन द्या ना. भोंग्यावर लावून देऊ.”

मी स्वयंपाकघरात कान टवकारले. प्रेमानंद त्या फाटक्या आवाजात म्हणाला, “ॲप न्या, त्यात पाहिजे ते बदल करा. आवाज तुमच्या गावातलाच बसवा. हा आमच्या मंडपाचा आहे.”

मला काय करावं कळेना. डोळे पदरानं पुसले आणि आतूनच ओरडले, “चहा ठेवला आहे, पिऊन जा!” गल्लीच्या टोकापर्यंत गेलं असेल. जाऊ द्या.