सासूबाईंची शेवटची सोंगटी

आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात स्वतःच्या सासूला बाद करणारा अख्ख्या वऱ्हाडात मी एकटाच जावई असेन.

मी अमरावतीत वकिली करतो. बॅकगॅमन म्हणजे आपल्या सारीपाटाचा परदेशी चुलतभाऊ. दोन फासे, प्रत्येकी पंधरा सोंगट्या. ज्याच्या सगळ्या आधी बाहेर, तो जिंकला. मोबाइलवर खेळता खेळता सात देशांतले लोक ओळखीचे झाले आणि मला ऑनलाइन जागतिक स्पर्धा भरवायची हुक्की आली. नियम मीच लिहिले. एकेचाळीस! (वकिलाच्या हाती कोरा कागद देऊच नये.) सतरावा माझा लाडका: घड्याळ कोणत्याही कारणाने थांबणार नाही; वेळ संपली की खेळाडू बाद.

सोळा खेळाडू हवे होते, जमले पंधरा. म्हणून अकोल्याच्या सासूबाईंचं नाव टाकलं. पहिल्याच फेरीत हरतील, ही माझी खात्री. पण बाई लहानपणापासून सारीपाट कोळून प्यायलेल्या. त्यांनी ब्राझील, तुर्कस्तान आणि कॅनडा ओळीने उडवले!

अंतिम सामना डेन्मार्कच्या एका दंतवैद्यांशी. वेळ आपल्याकडची संध्याकाळी सहाची. डेन्मार्कात दुपार, अमेरिकेत सकाळ. सगळ्या जगाची सोय मी पाहिली, फक्त अकोल्याची सोडून. ऐन वेळी लॅपटॉप रुसायला नको म्हणून मी स्वतः बायकोसह सासुरवाडीला जाऊन बसलो.

सातच्या सुमारास सासूबाईंची एकच सोंगटी उरली. पाळी त्यांचीच. फासे टाकायचं बटण दाबलं की खेळ खलास! आणि त्या उठल्या.

"आई, फासे टाका! कोनतंही दान पडलं तरी तुमीच जिंकता!" मी ओरडलो. (नियम नववा: संचालकाने खेळाडूस सल्ला देऊ नये.)

"दिवेलागण झाली, जावईबापू. आता फाशाले हात लावत नसतात."

"अवो, पन हे तर बटन आहे!"

"दान पडते ना त्याच्यातून? लक्ष्मी घरात यायच्या टायमाले मी जुगार खेळून राहिली, हे दिसू देऊ काय तिले?"

त्या तुळशीकडे गेल्या. त्यांच्या घड्याळात तीन मिनिटं उरली. मी तुळशीपासून लॅपटॉपपर्यंत आणि लॅपटॉपपासून तुळशीपर्यंत येरझारा घालत होतो. वाऱ्याने वात पेटेना. दोन मिनिटं!

"असे काहून धावून राहिले?" बायको म्हणाली. "घड्याळ थांबवा ना!"

"सतरावा नियम आहे!"

"कोनं लिहिला?"

"मीच!"

"मंग खोडा!"

तेवढ्यात दंतवैद्यांचा निरोप आला: 'आजींना घाई करू नका, मी थांबतो.' खरं सांगतो, सासूबाई जिंकाव्यात म्हणून माझा जीव नुसता खालीवर होत होता. पण सात देश बघत होते. जावयाने पक्षपात केला म्हणतील! मी ताठ मानेनं, सगळ्या घराला ऐकू जाईल असं म्हणत उत्तर पाठवलं: 'नियम म्हणजे नियम.'

वात पेटली. शुभंकरोती झालं. सासूबाई पदराला हात पुसत आल्या, चष्मा लावला, बटण दाबलं. वेळ संपून बारा सेकंद झाले होते. मी डेन्मार्कचा विजय जाहीर केला.

"बरं," एवढंच त्या म्हणाल्या.

पुढे धोंड्याचा महिना आला. जावयाला तेहतीस अनारशांचं वाण! मी नवा सदरा घालून अकोल्याला हजर. सासूबाईंनी पाट मांडला, ओवाळलं, ताट पुढे ठेवलं आणि ताटाशेजारी गजराचं घड्याळ.

"दोन मिनिटं, जावईबापू."

मी मोठ्यांदा हसलो. चवीचवीनं एक अनारसा खाल्ला. दुसऱ्याला हात घातला तोच गजर वाजला आणि ताट उचललं गेलं.

"आई! आई, थांबा ना जरा!"

"नियम म्हंजे नियम," सासूबाई शांतपणे म्हणाल्या.

उरलेले बत्तीस अनारसे डेन्मार्कच्या दंतवैद्यांना पार्सलने गेले. घरात इंग्रजी पत्ता लिहिणारं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून तोही मीच लिहिला.