शकुआत्या जमिनीवर बसते

दुपारची जेवणं उरकली आहेत. साताऱ्यातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात पडदे ओढलेले, पंखा फिरतोय, आणि हेमांगी पलंगाच्या कडेला आडवी झालीय. डोळे मिटतात, पुन्हा उघडतात. पलीकडे भिंतीकडे तोंड करून तिची चार वर्षांची राजसी पडलीय. झोपलेली नाही. मुठी आवळलेल्या, पाठ फळीसारखी ताठ. हात लावला की अंग चोरते, म्हणून हेमांगीने मध्ये हातभर जागा सोडलीय.

दिवाळीच्या फराळाच्या वेळी कढईतल्या तेलाने पेट घेतला होता. खिडकीचा पडदा भडकला. हेमांगीच्या नवऱ्याने, धनंजयने, ओली चादर टाकून आग विझवली. त्याचा हात भाजला, तो आता बरा झालाय. राजसी तेव्हा दारात उभी होती, तिला साधं खरचटलंही नाही. पण तेव्हापासून कुकरची शिट्टी झाली, कुणी काडी ओढली, की ती आधी गोठते आणि मग चावते, ओरबाडते, हाताला येईल ते भिरकावते. पोट दुखतं म्हणते. डॉक्टर म्हणतात, पोटात काही नाही. अंथरूण पुन्हा ओलं व्हायला लागलंय. सासूबाई म्हणतात, लाडावून ठेवलीय. उद्या सकाळी त्या तिला वाईला घेऊन जाणार आहेत, थोडी शिस्त लागायला. हेमांगी हो म्हणून बसलीय. का, ते तिचं तिलाही सांगता येणार नाही. थकलीय ती.

पापण्या जड होतात. कुठेतरी नळ वाहतोय.

ती नळ बंद करायला जाते, तर ओट्यापाशी शकुआत्या उभी आहे.

शकुआत्या म्हणजे हेमांगीच्या वडिलांची थोरली बहीण. मिरजेत रेल्वे वसाहतीजवळ तिची बालवाडी होती. पन्नाशीत तिने पुण्याला जाऊन लहान मुलांच्या मनाचा रीतसर अभ्यास करायचं ठरवलं तेव्हा घरातले हसले. तीही त्यांच्याबरोबर पोटभर हसली आणि गेली. हाडापेराने थोराड बाई, पण आवाज खालच्या पट्टीतला. राजसी जन्मायच्या आधीच आत्या वारली. हे हेमांगीला आत्ताही पक्कं ठाऊक आहे, आणि तरी आत्याच्या हातात चहाचं पातेलं आहे याचं तिला काही नवल वाटत नाही.

"आत्या, गॅस नको ना पेटवूस."

"नाही पेटवत. तू खांदे खाली घे आधी."

तेव्हा कुठे हेमांगीच्या लक्षात येतं, की आपले खांदे वर ओढलेले आहेत. किती दिवसांपासून, देव जाणे. ती ते सैल सोडते. पायाखालची फरशी गार लागते. काळ्या कडाप्प्याची आहे. ओटा नाही आता; समोर बालवाडीची बुटकी टेबलं आहेत, आणि एका टेबलाखाली कुणी पोर बसलंय. नुसते गुडघे दिसतात.

"समजाव ना तिला. बाहेर काढ," हेमांगी म्हणते.

आत्या काढत नाही. टेबलाजवळ जाते, साडी सावरत जमिनीवर बसते, पोराकडे अर्धवट पाठ करून, आणि मटार सोलायला घेते. टप, टप, दाणे पडतात.

"आत्ता समजावलेलं पोचत नाही गं," ती खालच्या आवाजात सांगते. "प्रत्येकाच्या अंगात एक राखणदार असतो बघ. धोका वाटला की तो ओरडतो, पळ, नाहीतर मार, नाहीतर गप पडून राहा. मोठ्यांचा राखणदार ओरडून ओरडून आपणहून खाली बसतो. लहानांचा नवा असतो. बसायचं कसं, हेच त्याला अजून येत नाही. शेजारी कुणीतरी बसलेलं दिसलं, की तो बसतो."

"म्हणजे ती मुद्दाम नाही करत?"

"तुला शिंक मुद्दाम येते?"

"पण आग विझली आत्या. कधीच विझली."

"तिच्या अंगाला अजून तसं कुणी कळवलेलं नाही."

टेबलाखालून एक हात हळूच बाहेर येतो आणि मटाराची एक शेंग उचलतो. हेमांगी वाकून बघते. आत ती स्वतःच बसलीय, पाच वर्षांची. आई दवाखान्यात होती आणि तिला मिरजेला आणून सोडलं होतं तेव्हाची. कुणाशी एक शब्द बोलत नव्हती ती.

"तू मला काही विचारलंच नव्हतंस तेव्हा," हेमांगी म्हणते.

"मला उत्तर कुठे हवं होतं? तुझा श्वास खाली यायला हवा होता."

मटाराची सालं वाढत जातात, हिरवी हिरवी, आणि त्यांचं पाणी होतं. कृष्णेचं पाणी. दोघी होडीत बसल्या आहेत. होडी एका अंगाला कलते, हेमांगी दोन्ही हातांनी काठ घट्ट धरते. आत्या वल्हं तसंच ठेवून एक लांब श्वास सोडते. होडी सावरते.

"खरं सांगू?" हेमांगी म्हणते. "शिट्टी झाली की आधी मीच दचकते. मग ती."

"हं."

"मग काय करू? शांत असल्याचं नाटक?"

"नाटक ओळखतात गं पोरं. घाबरलीस तर घाबरले म्हण. पाय जमिनीवर टेकव, श्वास लांब सोड, आवाज खाली ठेव. तिचं अंग तुझ्या अंगावरून शिकतं. एका दिवसात नाही होत. आणि एवढ्याने भागलं नाही, तर माझ्यासारख्या कुणाकडे तिला घेऊन जा. त्यात लाज कसली?"

"उद्या तिला वाईला पाठवतेय मी."

आत्या रागावत नाही. तिला रागावताना कुणी पाहिलंच नाही कधी. "तिकडे तिचा राखणदार कुणाशेजारी बसणार?" एवढंच विचारते.

हेमांगी तिच्याकडे बघत राहते. या बाईने आयुष्यभर कुठल्या पोराला हाक मारून जवळ बोलावलं नाही. दर वेळी स्वतः उठून गेली, आणि त्याच्याएवढी बुटकी होऊन बसली.

"किती जणांजवळ बसलीस गं तू आत्या?"

"मोजलं नाही. गुडघे मात्र गेले," आत्या हसते. मग पाण्यातून काहीतरी उचलून हेमांगीच्या हातात देते. गाठोडं असावं. पण ओलं नाही, चांगलं ऊबदार. "धर. जड आहे हं. आणि उगाच हलू नकोस."

हेमांगी छातीशी धरते. फारच जड आहे.

पंख्याचा आवाज येतो. हेमांगी डोळे उघडते. राजसी तिच्या अंगावर झोपलीय, हातपाय पसरून, तोंड उघडं, मुठी सुटलेल्या. दिवाळीनंतर ती दुपारची पहिल्यांदाच झोपलीय. मधली ती हातभर जागा कधी ओलांडून आली, कळलंच नाही.

दारातून धनंजय डोकावतो. "आई विचारतेय, सकाळी लवकरची एसटी चालेल का?"

"ती जात नाहीये," हेमांगी हलक्या आवाजात म्हणते.

"आईला काय सांगू?"

"सांग, हेमांगीला अजून भीती वाटते. खरंच वाटते. आणि लहान मुलांना बघणारं कुणीतरी शोधू या आपण, धनंजय. तिघंही जाऊ."

तो आत येतो, पलंगाला टेकून खाली फरशीवर बसतो. म्हणतो, "मलाही तेलाचा वास सहन होत नाही अजून. बोललो नव्हतो."

"माहितीय," ती म्हणते.

बऱ्याच वेळाने राजसी जागी होते. पाणी मागते, आईच्या अंगावरून उतरून स्वतःच प्यायला जाते. हेमांगी उठून बसते. गळ्याखाली हुळहुळतंय म्हणून बोट फिरवते, आणि मग आरशात बघते. तिथे राजसीचा कान उमटलाय. छोटासा, वळणा-वळणांचा, लालसर, आणि खाली पाळीच्या जागी डुलाचा एक बारीक ठिपका.